उजेडाचा पाठ : स्कँडिनेव्हियन घर आणि केडगावची खोली



आजचा पाठ कुठल्याही इयत्तेच्या पुस्तकात सापडणार नाही. त्यात विज्ञानातला प्रकाश आहे, भूगोलातले अक्षांश आहेत आणि थोडंसं आमच्या घरातलं भांडणही आहे. आठवी-नववीच्या वर्गात दोन तासिकांत घेता येतो, घरी एका संध्याकाळी.

सुरुवात भांडणापासूनच करते. आम्ही नगरच्या केडगावात राहतो. (दौंडजवळचं केडगाव वेगळं. आमचे पाहुणे दोनदा चुकून तिकडे पोचले आहेत.) गेल्या वर्षी घराला रंग द्यायचं ठरलं, तेव्हा मुलीने मोबाईलवर चित्रं दाखवली. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाचं टेबल, भलीमोठी खिडकी, तिला पडदासुद्धा नाही, कोपऱ्यात एकच दिवा. "आई, याला स्कँडिनेव्हियन घर म्हणतात. किती शांत वाटतं बघ ना." शांत वाटत होतं, हे खरं. मग इंटिरिअरचं काम करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने छताला पीओपी, त्यात १६ दिवे आणि पश्चिमेची भिंत फोडून मोठी काचेची खिडकी, असा हिशेब मांडला. आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात माझं लग्न झालं होतं, जेवणावळीसकट."

मी विज्ञान शिकवते. उत्तर लिहायच्या आधी प्रश्न नीट वाचा, हे वर्गात रोज सांगते. म्हणून पैसे मोजायच्या आधी म्हटलं, हे स्कँडिनेव्हियन घर मुळात कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते तरी बघू.

तिकडची घरं अशी का?

वर्गातला जगाचा नकाशा काढा. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे शोधा. कोपनहेगन साधारण ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आपलं नगर १९ अंशांवर. आता डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस घ्या. कोपनहेगनला तो जेमतेम ७ तासांचा, स्टॉकहोमला ६ तासांचा. आपल्याकडे त्याच दिवशी ११ तास उजेड असतो. आणि नुसते तास मोजून भागत नाही. त्या दिवशी भर मध्यान्हीला कोपनहेगनचा सूर्य क्षितिजापासून फक्त ११ अंश वर येतो. हात समोर ताठ धरून मूठ वळली, तर ती मूठ साधारण १० अंश झाकते. म्हणजे तिथला भर दुपारचा सूर्य एका मुठीएवढा वर. आपल्याकडे तोच सूर्य पावणेपाच मुठी वर असतो. मुलांना मैदानावर नेऊन मुठी मोजायला लावा, पुस्तकातला अक्षांश लगेच हातात येतो. (सूर्याकडे टक लावून बघू नका, हे आधी दहा वेळा सांगा.)

आता चित्र उलगडतं. ज्या घरात उजेड पाहुण्यासारखा येतो आणि दुपारी तीन-साडेतीनला निघूनही जातो, तिथे पडदा लावून त्याला अडवायचं कोणाला सुचेल? भिंती पांढऱ्या, कारण आलेला उजेड त्या परत खोलीत फेकतात. लाकूड फिकट, कारण पाइन आणि बर्च तिथल्या रानात मिळतात आणि तेही उजेड खाऊन टाकत नाहीत. संध्याकाळी छताला एकच भगभगीत दिवा न लावता ठिकठिकाणी खाली, बसल्या जागेजवळ छोटे दिवे लावायचे, कारण हिवाळ्यात ती 'संध्याकाळ' १७ तासांची असते. सारा वेळ डोळ्यांवर भगभग घेऊन माणूस जगणार कसा?

एक गैरसमज मात्र इथेच काढते. तिकडचं घर म्हणजे सगळं पांढरंफटक, असं मोबाईलवरून वाटतं. स्वीडनचे चित्रकार कार्ल लार्सन यांनी आपल्या सुंडबॉर्न गावातल्या घराची चित्रं १८९९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. पुस्तकाचं नावच 'एक घर'. हे घर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कारिन यांनी मिळून सजवलं होतं, विणकाम-भरतकाम कारिन यांचं. चित्रांत काय दिसतं? लाल-हिरवा रंग दिलेलं लाकूड, खिडकीत फुलांच्या कुंड्या आणि सगळीकडे मुलं. घर मुलांनी भरलेलं होतं आणि ते लपवलेलं नाही. त्याच सुमारास एलेन की या स्वीडिश शिक्षिका-लेखिकेने मांडलं की सौंदर्य ही श्रीमंतांची मक्तेदारी नाही, साध्या घरातही कामाची, हलकी, नीटस वस्तू असू शकते. याच एलेन की यांचं 'बालकाचं शतक' हे पुस्तक १९०० साली आलं. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात कुणी हे नाव वाचलं असेल. थोडक्यात, ज्या शैलीसाठी आज आपल्याकडे एवढा खर्च सांगतात, ती घडताना साध्या माणसाचं घर डोळ्यांसमोर होतं!

आणखी एक नाव सांगते, कारण दिव्याचा मुद्दा त्याच्याशिवाय पुरा होत नाही. डेन्मार्कचे पॉल हेनिंगसन. विजेचा बल्ब घराघरांत पोचला होता, पण उघडा बल्ब डोळ्यांत टोचायचा. त्यांनी १९२५-२६ च्या सुमाराला एकाखाली एक तीन झाकणं असलेला दिवा तयार केला. कुठेही बसा, आतला बल्ब डोळ्यांना दिसणार नाही. उजेड मात्र टेबलावर पडेल आणि थोडा हळूच आजूबाजूला पसरेल. दिवा दिसू नये, दिव्याने दाखवलेली वस्तू दिसावी, एवढाच त्याचा नियम. तो दिवा विकत घ्यायची गरज नाही, पण नियम फुकट आहे.

आणि आपल्याकडे काय कमी आहे?

उजेड तर नाही. भर उन्हात मोजलं तर साधारण १ लाख लक्स भरतात, झाडाच्या सावलीत १० हजारांच्या घरात. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलाला लागतात ३०० ते ५००. म्हणजे दिवसा आपल्याला उजेडाचा शंभरावा भाग जरी आत घेता आला तरी पुरे. आपल्याकडे कमी आहे ती सावली. आणि मार्च ते मे गारवा.

म्हणून पश्चिमेच्या त्या काचेच्या भिंतीला मी नाही म्हटलं. दुपारी तीननंतर सूर्य पश्चिमेला उतरतो आणि खिडकीतून थेट आडवा आत शिरतो. तिथे वरचा छज्जा कामाला येत नाही, कारण ऊन वरून नाही, समोरून येतं. मे महिन्यात तशी खोली म्हणजे भट्टी. दक्षिणेची खिडकी मात्र गुणी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ती ऊन आत घेते. उन्हाळ्यात तो इतका वर चढतो की दोन फुटांचा छज्जा पुरेसा होतो. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ ऊन न येता नुसता उजेड येतो, लिहायला सगळ्यात चांगला.

इथे मुलांना एक कोडं घाला. नगरला शून्य सावलीचे दिवस वर्षातून दोन, एक मेच्या मध्याला आणि दुसरा जुलैच्या अखेरीला. मधल्या दोन-सव्वादोन महिन्यांत दुपारचा सूर्य कुठल्या बाजूला असेल? बहुतेक जण 'दक्षिणेला' म्हणतात. उत्तर आहे उत्तरेला, जरासा. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही थोडं ऊन डोकावतं. आकाश ढगाळ नसेल तर बघून घ्या.

जुन्या लोकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. आपल्या भागातली माळवदाची घरं आठवा. जाड मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं, खिडक्या जेमतेम आणि छताला एक साणं, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक. भर उन्हातून आत गेलं की क्षणभर काही दिसायचं नाही, पण अंगावर गारवा यायचा. साण्यातून पडलेला उन्हाचा कवडसा जमिनीवर सरकत जायचा आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. भिंतीत दिवळी, तिच्यात दिवा. दिवाळीला चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंती पांढऱ्याशुभ्र करायच्या. (हे ऐकून मुलगी म्हणाली, "म्हणजे पणजी स्कँडिनेव्हियन होती." सासूबाईंना ते काही आवडलं नाही.) आणि ज्यांच्याजवळ पैसा होता, त्या निजामशाहीने नगरजवळ फराहबाग बांधला, सोळाव्या शतकात. तलावाच्या मधोमध महाल, उंच कमानी, चारी बाजूंनी पाणी. आज पडझड झाली आहे, पण कमानीखाली उभं राहिलं की थंड, हवेशीर जागा म्हणजे काय ते कळतं. सहलीला किल्ला दाखवतो तशी ही जागाही दाखवा आणि मुलांना एकच विचारा, इथे ऊन कुठून येतं आणि वारा कुठून?

या जुन्या घरांचा दोष एकच, आत अभ्यास होत नसे. उजेड कमी पडायचा. तेव्हा जुनं सगळंच बरं, असं मी म्हणणार नाही.

एका वहीची गोष्ट

आता जे सांगते ते सांगायला मला थोडं जड जातं. माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा. वर्गात लिहिलेली वही ठीकठाक, गृहपाठाची वही मात्र भयंकर. ओळ सोडून अक्षरं खाली घसरलेली, आकृत्यांच्या रेघा दोनदा काढलेल्या. मी लाल पेनाने 'अक्षर सुधारा' असं तीन वेळा लिहिलं, एकदा सगळ्यांसमोर वही उंच धरून दाखवलीही. त्यानंतर तो गृहपाठच आणेना.

गृहभेटीला गेले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. पत्र्याची एक खोली, पाच माणसं. खोलीच्या मध्यावर छताला एक बल्ब. मुलगा भिंतीकडे तोंड करून पाटावर वही ठेवून बसला होता, कारण पाठीमागे टीव्ही चालू होता आणि त्याला तो बघायचा नव्हता. म्हणजे दिवा पाठीमागे. वहीवर त्याच्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली. तो स्वतःच्या सावलीत लिहीत होता. आई म्हणाली, "बाई, आजकाल डोळे चोळतो सारखा. चष्मा लागंल का?"

मी मोबाईलवरचं लक्स मोजायचं ॲप वहीवर ठेवलं. त्याने १५ च्या आसपास आकडा दाखवला. मोबाईलचं मोजमाप अगदी बिनचूक नसतं, पण १५ आणि ३०० मधला फरक कळायला ते पुरे.

पाट आधी नुसता फिरवला, उजेड डाव्या बाजूने येईल असा. याला एक पैसा लागला नाही. (मुलगा डावखुरा असता तर उजव्या बाजूने.) मग आमच्या वर्गातल्याच एका मुलीचे वडील वायरिंगची कामं करतात, त्यांनी त्या कोपऱ्यात, बसल्या डोक्याच्या थोडा वर, भिंतीवर एक होल्डर बसवून दिला. त्याच्या आजूबाजूला आईने हातभर चुना फासला. ९ वॉटचा बल्ब, उघडा डोळ्यांत जाऊ नये म्हणून पुढे फळीचा छोटा तुकडा. उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून वहीवर येतो. हेनिंगसन साहेबांनी बघितलं असतं तर हसले असते, पण नियम तोच आहे.

डोळे मात्र तपासून घ्यायला सांगितले. उजेड बरा केला म्हणून तपासणी टाळू नये. त्याला अजून तरी चष्मा लागलेला नाही. अक्षर काही मोत्यासारखं झालं नाही, पण ओळीवर आलं. माझे तीन लाल शेरे त्या वहीत तसेच आहेत.

पाट फिरवल्यावर एवढा फरक कसा पडला आणि जवळच्या बल्बाने एवढा कसा वाढला, हा खरा विज्ञानाचा तास. बल्बासारख्या छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट केलं तर नवव्या भागावर येतो. छताचा बल्ब वहीपासून ६ फूट, भिंतीवरचा २ फूट. तोच बल्ब, तेच वीजबिल, वहीवर नऊपट उजेड. (लांब ट्यूबलाइटला हे गणित जवळून जसंच्या तसं लागू होत नाही, हुशार मुलं विचारतील.) म्हणूनच छतात १६ दिवे बसवण्यापेक्षा कामाच्या जागी एक खाली आणलेला दिवा बरा.

आमच्या घरात शेवटी काय झालं

पीओपी केलं नाही. भिंतींना पांढराच रंग दिला, पण किंचित पिवळट छटेचा. पुणे रस्त्याची धूळ घरात येते, शुभ्र भिंत आठ दिवसांत बोटांचे ठसे दाखवते. छत मात्र पांढरंशुभ्र ठेवलं, तिथे बोटं पोचत नाहीत आणि उजेड परत फेकायला तेच सगळ्यात उपयोगी. पश्चिमेची छोटी खिडकी छोटीच ठेवली, तिला बाहेरून बांबूची चटई. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर खोली गार राहते. आतल्या पडद्याने अडवलं, तर उष्णता आत आलेलीच असते. समोरासमोरच्या दोन खिडक्यांपुढचं सामान हलवलं. त्यातली एक कपाटाने निम्मी झाकली होती, गेली नऊ वर्षं! नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्र बरी असते. सूर्य मावळला की खिडक्या उघडायच्या, सकाळी दहाला बंद. एवढ्या शिस्तीने कूलर उशिरा लावावा लागला.

दिव्यांचं सांगते. दुकानात वॉट विचारू नका, वॉट म्हणजे वीज किती खाल्ली. उजेड किती, ते खोक्यावर ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. ९ वॉटच्या एलईडी बल्बाला ९०० च्या आसपास. रंग केल्विनमध्ये. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० चा देतो, कारण तो 'जास्त उजेडाचा' वाटतो. अभ्यासाच्या टेबलाला ४००० चा ठेवला, बैठकीत आणि झोपायच्या खोलीत ३००० चा. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर निळसर झगझगीत उजेड असला की शरीराला रात्र झाली हे उशिरा कळतं आणि झोप लांबते. मुलं रात्री जागतात आणि सकाळी उठत नाहीत, त्याला मोबाईल कारण आहेच, पण डोक्यावरची ट्यूबही बघा. पिवळ्या दिव्याचा आणखी एक फायदा, पावसाळ्यात त्याच्याभोवती किडे कमी जमतात, म्हणून पालीही कमी.

पंख्याच्या वर दिवा असेल तर पंखा फिरताना उजेड लपलपतो आणि वाचताना डोकं दुखतं. तो दिवा बाजूच्या भिंतीवर घ्या. कितीतरी घरांत मी हे बघितलंय आणि कुणालाच ते दिव्यामुळे होतंय असं वाटत नाही.

पसाऱ्याचं मी फार बोलणार नाही. माळ्यावर अजूनही तीन पिंप आणि लग्नातली पितळी भांडी आहेत. शोकेसमधल्या ट्रॉफ्या तेवढ्या कमी केल्या.

वर्गासाठी

मुलांना एक कागद द्या. घराचा साधा आराखडा, उत्तर दिशा दाखवून. सकाळी आठ, दुपारी चार आणि संध्याकाळी सात, या तीन वेळी ऊन कुठे आहे, उजेड कुठे आहे, आणि आपण अभ्यासाला बसतो तिथे आपली सावली कुठे पडते, एवढंच काढून आणायचं. घराचं वर्णन लिहायला सांगू नका. किती खोल्या, कसलं छप्पर, हे वर्गात उघड झालं की काही मुलं खोटं लिहितात. नुसती सावली काढायला सांगितली की सगळी खरं काढतात. कागद तपासताना मार्क देऊ नका. ज्याची सावली वहीवर पडते, त्याच्या पालकांशी बोला.

आणि पालकांनो, अभ्यासाचा दिवा कितीही चांगला लावला तरी मूल दिवसा बाहेर खेळायला हवं. लहान वयात बाहेरच्या उजेडात वेळ गेला की जवळच्या दृष्टीचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी होतं. तैवानने २०१० पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढण्याची मोहीम चालवली, ती याचसाठी. आपल्याकडे उजेड फुकट आहे आणि मूल मात्र दुपारपासून क्लासच्या बंद खोलीत असतं.

शेवटी सासूबाईंचं राहिलं. बैठकीत पिवळे दिवे लागल्यावर मुलगी खूश, मीही खूश. सासूबाई दुसऱ्या दिवशी सुपात तांदूळ घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला खडा दिसत नाही." मी म्हटलं, सवय होईल. नंतर लक्षात आलं की मी पुन्हा लाल पेनच चालवत होते. साठी-सत्तरीत डोळ्यांच्या आतल्या पडद्यापर्यंत तरुणपणापेक्षा फार कमी उजेड पोचतो, त्यांना आमच्या दुप्पट-तिप्पट लागतो. जुनी ट्यूब परत लावली, तिचं बटण वेगळं, त्यांच्या खुर्चीशेजारी, हात पोचेल असं. संध्याकाळी सहाला त्या ती लावतात, तांदूळ निवडतात, वाती वळतात आणि साडेसातला स्वतःच बंद करतात. मुलीच्या मते त्या दीड तासात आमचं घर स्कँडिनेव्हियन नसतं.